'फार', 'व्हेरी' आणि साध्या शब्दाची किंमत

भाषेच्या इतिहासात मोठ्या शब्दांचा मागोवा पुष्कळ घेतला जातो. विशेषणाच्या आधी निमूटपणे उभे राहून त्याचा जोर वाढविणाऱ्या लहान शब्दांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. प्रमाण मराठीतील 'फार', 'अतिशय', 'अगदी', आमच्या निपाणी परिसरातील 'लई', शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या मंडळींचे 'भाळ' आणि इंग्रजीतील 'व्हेरी', 'टू', 'क्वाइट' हे सारे याच जातकुळीतले. परिमाणवाचक क्रियाविशेषण असे नाव देऊन व्याकरण पुढे सरकते. वास्तविक माणसाच्या बोलण्यातील खरेपणा आणि अतिशयोक्ती यांचा हिशेब याच शब्दांत नोंदलेला असतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम इंग्रजीकडे पाहू. आज शाळकरी मुलाच्याही तोंडी असलेला 'व्हेरी' मुळात 'खरा' या अर्थाचा शब्द आहे. सत्य या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो जुन्या फ्रेंचमध्ये आणि तेथून मध्ययुगात इंग्रजीत आला. त्यापूर्वी हे काम 'स्विथ' नावाचा शब्द करीत असे. त्याचा मूळ अर्थ 'जोराने'. तो लोपला. पुढे 'फुल' आणि 'राइट' या शब्दांनी ती जागा काही काळ सांभाळली. त्यांपैकी 'राइट'ची खूण 'राइट ऑनरेबल' या पदवीत अद्याप टिकून आहे. खरेपणाची ग्वाही देणारा 'व्हेरी' वापरून वापरून गुळगुळीत झाला, तेव्हा त्याच कामासाठी 'ट्रूली' आणि 'रिअली' यांना बोलवावे लागले. 'टेरिबली', 'ऑफुली' या शब्दांतील भीतीही अशीच विरून गेली.

ही झीज तेथील जाणकारांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. लॉर्ड चेस्टरफील्ड यांनी १७५४ साली 'द वर्ल्ड' या नियतकालिकात 'व्हास्टली' या तत्कालीन फॅशनच्या शब्दाची थट्टा केली. 'व्हास्ट' म्हणजे विशाल. पण त्यांच्या लेखातील एक स्त्री तपकिरीची सोन्याची डबी 'विशाल' लहान आहे म्हणून 'विशाल' सुंदर ठरविते. तंबाखूच्या आमच्या गावातील वाचकांना निदान ती डबी तरी परकी वाटू नये! पुढे १९०१ मध्ये स्टॉफेल या अभ्यासकाने आणि १९७२ मध्ये ड्वाइट बोलिंजर यांनी केवळ या प्रकारच्या शब्दांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले.

आता मराठीकडे वळू. 'खूप' हा शब्द आपल्याला अस्सल देशी वाटतो. पण तो फारसी 'खूब'चे रूप आहे आणि फारसीत 'खूब' म्हणजे चांगला, सुंदर. आपण सौंदर्य सोडले आणि परिमाण तेवढे ठेवले. इंग्रजीतील 'प्रिटी'चेही असेच झाले. 'प्रिटी कोल्ड' म्हणताना थंडी सुंदर असल्याचे कोणी सांगत नसतो. आपल्या 'बरा'पासून 'बराच' निघाला तोही याच वाटेने. 'जास्त' हा अरबी-फारसी शब्द तर सीमा ओलांडून 'जास्ती' या रूपाने कन्नडमध्येही नांदतो आहे. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोशा'च्या द्वारे फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा प्रयत्न झाला. पण तो कारभारातील नावांपुरता होता. असले लहान शब्द कोणाच्या नजरेत न भरता मराठीत राहून गेले.

एकोणिसाव्या शतकात या दोन भाषांची गाठ पडली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्या कोशाचा संक्षेप करणारे बाबा पदमनजी हे बेळगावचे, जन्म १८३१ चाच. मराठी भाषेचे व्याकरण लिहून दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली ते प्रसिद्ध केले. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. 'व्हेरी' म्हणजे 'फार' हे समीकरण त्या पिढ्यांच्या मनात पक्के बसले.

या समीकरणात एक खाच आहे. 'चहा फार गोड आहे' असे आपण म्हणतो तेव्हा ती स्तुती आहे की तक्रार? बोलणाऱ्याच्या स्वरावरून आणि कप खाली ठेवण्याच्या रीतीवरून आपण ते ओळखतो. इंग्रजी मात्र येथे दोन शब्द मागते. गोडी पुष्कळ असेल तर 'व्हेरी', आणि सोसण्याची मर्यादा ओलांडली असेल तर 'टू'. मर्यादा ओलांडल्याचे सांगायला मराठीत 'अति' आहे, 'गरजेपेक्षा जास्त' आहे. परंतु रोजच्या बोलण्यात एकटा 'फार' दोन्ही भार वाहतो. म्हणूनच आपल्याकडील माणूस कौतुकाने 'टू गुड' म्हणतो. इंग्रजीतही सौजन्यापोटी 'टू काइंड' म्हणण्याची रीत आहे, हे खरे. तथापि 'द रूम इज टू बिग' हे वाक्य तेथे खोलीचा दोषच सांगते. 'टू' काढून 'सो... दॅट' घालण्याचा रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातील अभ्यास आपण सर्वांनी गिरविला; पण 'टू' या शब्दातच एक नकार दडलेला आहे, हे त्या अभ्यासाचे मर्म किती वर्गांत सांगितले गेले असेल?

दुसरी खाच क्रियापदाची. 'फार सुंदर' आणि 'फार आवडते' या दोन्ही ठिकाणी मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत 'व्हेरी' विशेषणाजवळ बसतो. क्रियापदाजवळ त्याला 'मच'ची सोबत लागते. 'आय व्हेरी लाइक' हे विद्यार्थ्याचे वाक्य मराठी व्याकरणाच्या दृष्टीने पाहिल्यास अत्यंत तर्कशुद्ध ठरते. तिसरा 'क्वाइट'. 'क्वाइट राइट' म्हणजे अगदी बरोबर. पण ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत 'क्वाइट गुड' म्हणजे बहुधा बऱ्यापैकी. शब्द एकच, आणि पुढच्या विशेषणागणिक त्याचे वजन बदलते.

यावरून मराठी या बाबतीत दरिद्री आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. लालभडक, पांढराशुभ्र, काळाकुट्ट, हिरवागार, पिवळाधमक, कोरडाठाक अशी आपली रीत आहे. प्रत्येक रंगाला आणि गुणाला त्याचा स्वतःचा जोडीदार. हिरव्याला 'भडक' चालत नाही आणि लालाला 'गार' चालत नाही. इंग्रजीतही असे काही जोडशब्द आहेत; परंतु आपल्या मुलांना ते न शिकविता सर्वत्र 'व्हेरी' लावण्यास शिकविले गेले. परिणामी इंग्रजी सपाट झाली आणि तिच्या सवयीने मराठीही. आता पानही 'खूप हिरवे' असते आणि आनंदही 'खूप' होतो.

हा केवळ शैलीचा प्रश्न असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. निपाणी १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड आणि वरिष्ठांच्या टिपणीत इंग्रजी, अशा तिहेरी व्यवहारात येथील नोकरदारांचे आयुष्य गेले. या व्यवहारात 'व्हेरी'चे खरे वजन कळते ते गोपनीय अहवालात. 'गुड' या शेऱ्याचा अर्थ कोशात चांगला असा आहे. पण पदोन्नतीची किमान पायरी 'व्हेरी गुड' ठरली की तोच चांगला शेरा माणसाच्या आड येतो. एका अभियंत्याच्या बाबतीत असेच घडले. त्याच्या एका वर्षाच्या अहवालात 'गुड' असा शेरा होता, तो त्याला कळविला गेला नव्हता, आणि पदोन्नती हुकली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निर्णय दिला की, अशा स्थितीत 'गुड' हा शेरासुद्धा परिणामाने प्रतिकूलच ठरतो. म्हणून प्रत्येक शेरा संबंधितास कळविला पाहिजे. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१३ मध्ये हेच मत कायम केले. एका क्रियाविशेषणाच्या अभावाने 'चांगला' या शब्दाचा अर्थ उलटला, याची ही न्यायालयीन नोंदच म्हणावी लागेल.

हे एका खात्यापुरते नाही. सगळ्याच कागदांवर 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का पडू लागला की नुसते 'तातडीचे' पत्र तळाशी जाते. सगळेच व्याख्यान 'अतिशय उत्कृष्ट' झाले की चांगल्या व्याख्यात्याला 'चांगले बोललात' म्हणणे अपमानासारखे वाटते. आपल्या पूर्वजांना याचे भान असावे. मराठेशाहीतील पत्रांच्या शेवटी 'बहुत काय लिहिणे' असे लिहिण्याचा प्रघात होता. 'बहुत' हा पुष्कळपणाचा शब्द तेथे लेखणी थांबविण्यासाठी योजलेला दिसतो.

शिक्षकांना आणि अधिकारपदावर असलेल्या मित्रांना आमची एवढीच विनंती आहे. विद्यार्थ्याला 'व्हेरी' शिकविताना 'टू'ची मर्यादा आणि लालभडकाची श्रीमंतीही दाखवावी. आणि कोणाच्या कामावर शेरा लिहिताना 'चांगले' हा शब्द चांगल्याच अर्थाने लिहिता आणि वाचता येईल, अशी मोजपट्टी ठेवावी.