वापरलेली मोटारगाडी

वापरलेली मोटारगाडी म्हणजे एकदा एखाद्या मालकाच्या नावे नोंदली जाऊन नंतर पुन्हा विकली जाणारी मोटारगाडी. बोलीभाषेत तिला 'जुनी गाडी' किंवा 'सेकंडहँड गाडी' म्हणतात. किंमत कमी असल्यामुळे अनेक कुटुंबांची पहिली चारचाकी अशीच असते.

साधी यंत्ररचना

जुनी गाडी स्वस्त पडणे हे खरेदीच्या किमतीइतकेच दुरुस्तीच्या खर्चावर अवलंबून असते. 'फिएट' या नावाने ओळखली जाणारी प्रीमियर पद्मिनी मुंबईत कुर्ला येथे तयार होत असे. तिची उत्पादक कंपनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९८३ ते २०१४ या काळात उत्पादन झालेल्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे व तीन सिलिंडरचे होते. या गाड्यांच्या कार्ब्युरेटर असलेल्या आवृत्त्यांची दुरुस्ती संगणकीय उपकरणांशिवाय लहान गॅरेजमध्येही होऊ शकते.

खरेदीपूर्वी पत्र्याचा गंज, टायरची झीज व धुराचा रंग पाहतात. निळसर धूर इंजिनात ऑइल जळत असल्याचे, तर काळा धूर इंधन प्रमाणाबाहेर जात असल्याचे लक्षण मानला जातो.

नोंदणी व हस्तांतरण

खासगी मोटारगाडीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणीत योग्य ठरलेल्या गाडीच्या नोंदणीचे ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. विक्रीनंतर नमुना २९ व नमुना ३० भरून गाडी नव्या मालकाच्या नावे करतात. वडगाव निंबाळकरसह बारामती तालुक्यासाठी हे काम बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात चालते. तेथील नोंदणी क्रमांक एमएच ४२ ने सुरू होतात.

गाडी व पैसे यांची देवाणघेवाण झाली, तरी नोंद बदलेपर्यंत मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार सामान्यतः नोंदणीपुस्तकात नाव असलेली व्यक्तीच मालक मानली जाते. अनेक हातांतून गेलेल्या एका गाडीच्या अपघात प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. त्यामुळे नावबदल वेळेत होणे खरेदीदाराइतकेच विक्रेत्याच्याही हिताचे असते.