अ‍ॅनालॉग मोबाइल संभाषणांचे चोरटे श्रवण

पहिल्या पिढीच्या मोबाइल फोनवरील खासगी संभाषण तिऱ्हाइताने रेडिओ ग्राहीवर ऐकण्याचा प्रकार. १९८० व १९९० च्या दशकांत अमेरिका व ब्रिटनमध्ये तो विशेष आढळला.

तांत्रिक कारण : अमेरिकेतील एएमपीएस ही अ‍ॅनालॉग यंत्रणा १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागोत सुरू झाली. तीत आवाज कोणत्याही कूटलेखनाविना, साध्या एफएम पद्धतीने प्रक्षेपित होई. फोन ८२४ ते ८४९ आणि मनोरा ८६९ ते ८९४ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात प्रक्षेपण करी. प्रत्येक मार्गिका ३० किलोहर्ट्‌झ रुंद असे. या पट्ट्यात लावता येणारा कोणताही एफएम ग्राही संभाषण जसेच्या तसे ऐकवी. एकामागून एक कंप्रता तपासणारे स्कॅनर त्यासाठी वापरले जात. पूर्वी ७० ते ८३ क्रमांकाच्या दूरचित्रवाणी वाहिन्यांना दिलेल्या पट्ट्याचाच भाग मोबाइलकडे आल्याने काही जुन्या दूरचित्रवाणी संचांवरही संभाषणे ऐकू येत. बोलणारा दुसऱ्या मनोऱ्याच्या कक्षेत गेला की मार्गिका बदले आणि ऐकणाऱ्याचा धागा तुटे.

कायदा : अमेरिकेने १९८६ मध्ये असे श्रवण बेकायदेशीर ठरवले, मात्र लहरी उघड्याच राहिल्या. १९९२ च्या कायद्यानुसार मोबाइल पट्टा ऐकवणाऱ्या स्कॅनरच्या उत्पादनावर व आयातीवर १९९४ पासून बंदी आली. आधी विकलेले संच लोकांकडे होतेच. काही संचांत मोबाइल पट्टा रोखण्यासाठी घातलेला अडथळा तर एक डायोड कापून दूर करता येई.

प्रमुख प्रकरणे : डिसेंबर १९९६ मध्ये फ्लॉरिडातील एका दांपत्याने अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे तत्कालीन सभापती न्यूट गिंग्रिच यांचा सहभाग असलेले संभाषण स्कॅनरवर ऐकून ध्वनिमुद्रित केले. त्यातील एक सहभागी, प्रतिनिधिगृहाचे सदस्य जॉन बेनर, मोबाइलवरून बोलत होते. मजकूर जानेवारी १९९७ मध्ये वृत्तपत्रांत आला. दांपत्याला प्रत्येकी ५०० डॉलर दंड झाला. दुसऱ्या एका प्रकरणात २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की चोरून ऐकण्यात सहभाग नसलेल्या माध्यमाला सार्वजनिक महत्त्वाचा मजकूर प्रसिद्ध केल्याबद्दल शिक्षा करता येणार नाही. ब्रिटनमध्ये राजकन्या डायना यांचे १९८९ मधील संभाषण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाल्याने मोठी खळबळ उडाली.

अस्त : जीएसएमसारख्या डिजिटल यंत्रणांत आवाजाचे अंकांत रूपांतर व कूटलेखन होऊ लागले, साध्या स्कॅनरवर त्याचा केवळ गोंगाट ऐकू येई. भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये थेट जीएसएमनेच सुरू झाली. अमेरिकेत अ‍ॅनालॉग सेवा चालू ठेवण्याचे बंधन १८ फेब्रुवारी २००८ रोजी संपले.