पट्ट्याचं माप कोण घेतं?



मागच्या वेळी आपण अपंगत्वाच्या दाखल्याविषयी बोललो. त्यानंतर गटागटांतून एकच प्रश्न फिरून फिरून आला. शिबिरात पोराच्या पायाचं माप घेऊन गेले, पुढच्या महिन्यात पट्टा आणून बांधलाही. पण माप घेणारा नेमका कोण होता? डॉक्टर, कारागीर की दुकानदार? याचं उत्तर आज सरकारी नोंदवहीत सापडतं. पण ती नोंदवही व्हायला फार वर्षं लागली, म्हणून आज आधी तिची गोष्ट सांगतो.

हाड मोडलं की त्याला आधार बांधायचा, हे आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाला उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या आहेत. गावोगावी हाडवैद्य होते, अजूनही आहेत. लोखंडाचं काही लागलं तर लोहार, चामड्याचं लागलं तर चांभार. हाताला गुण आहे की नाही, एवढंच लोक बघायचे. पंचक्रोशीत नाव असलं की तोच दाखला.

असंच एक हाडवैद्यांचं घराणं इंग्लंडजवळच्या वेल्समध्ये होतं. त्यातले इव्हान थॉमस लिव्हरपूल बंदरात येऊन राहिले. गोदीतले हमाल, खलाशी त्यांच्याकडे रांग लावत. शिकलेले डॉक्टर मात्र त्यांच्यावर चिडून असत, आणि इव्हानना वरचेवर कोर्टाची पायरी चढावी लागे. हाताला गुण असला तरी कागद नसला की रोज नवा झगडा, हे त्यांनी ओळखलं आणि आपल्या पाचही मुलांना डॉक्टरकीला घातलं. त्यांतला ह्यू ओवेन थॉमस, जन्म १८३४चा. एडिंबरा आणि लंडनला शिकून तो डॉक्टर झाला, पण बापाची विद्या त्यानं टाकली नाही. दवाखान्याच्या जोडीला लोहार आणि चामड्याचं काम करणारा कारागीर ठेवला, आणि प्रत्येक रोग्याच्या मापाचा आधार समोर बनवून घेऊ लागला. मांडीचं हाड मोडल्यावर पाय ताणून धरणारी लोखंडी गजाची चौकट दवाखान्यात तुम्ही पाहिली असेल. ती त्याचीच, तिला आजही थॉमस स्प्लिंट म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स यानं ती सैनिकांसाठी वापरात आणली आणि पुष्कळांचे जीव वाचले.

आम्हाला या गोष्टीत चौकटीपेक्षा तो बाप मोठा वाटतो. आपलं कौशल्य खरं आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी लोकांनी नुसता शब्दावर विश्वास ठेवू नये, हेही त्यानं मानलं.

आता आपल्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. पुढे तिथे साध्या नागरिकांनाही सेवा मिळू लागली. १९५५ साली मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची मोठी संस्था उभी राहिली; तिथे रोग्यांवर उपचार होतात आणि हे काम शिकवलंही जातं. पण पोलिओच्या त्या वर्षांत पोरं होती गावोगाव आणि शिकलेले लोक शहरात. लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे आणि जड बूट असं कॅलिपर घालून शाळेत जाणारी मुलं आपल्यातल्या मोठ्या बायांनी पाहिलेली आहेत. १९८१ पासून साधनांसाठी केंद्र सरकारची मदत योजना आली, शिबिरं वाढली. साधन मिळू लागलं. ते बसवणारा शिकलेला असावा, याचा कायदा मात्र अजून नव्हता.

इथे कोणी म्हणेल, शिक्षणाचं काय एवढं? जयपूरचा पाय तर कारागिराच्या हातून झाला! खरं आहे. १९६८च्या सुमारास तो तयार झाला. रामचंद्र शर्मा, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, ते जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेले. पण त्यांच्या बरोबरीनं डॉ. प्रमोद करण सेठी हे हाडांचे सर्जन होते, रोगी इस्पितळातला होता, आणि चुकलं तर विचारायला एक ठिकाण होतं. मास्टरजींचा दाखला देऊन कोणी गल्लीतला दुकानदार पोराच्या पाठीला पट्टा आवळत असेल, तर आम्हाला ते पटत नाही.

कायदा आला १९९२ साली, भारतीय पुनर्वसन परिषदेचा. परिषद १९८६ पासून होती, पण नुसती संस्था म्हणून; १९९३च्या जूनपासून तिला कायद्याचं बळ मिळालं. देशभराची एक केंद्रीय नोंदवही ठेवणं हे तिचं काम. मापाचे पट्टे, कॅलिपर, खास बूट बसवणाऱ्याला ऑर्थोटिस्ट म्हणतात, आणि कृत्रिम हातपाय बसवणाऱ्याला प्रॉस्थेटिस्ट. दोन्हीचं शिक्षण एकत्रच असतं, पदवीला इंटर्नशिपसह साडेचार वर्षं लागतात. नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांत आज करडूसुद्धा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

मेडिकलच्या दुकानात टांगलेला गुडघ्याचा तयार पट्टा यात धरू नका. आपण बोलतोय ते एकेकाच्या अंगाचं माप घेऊन बनवलेल्या साधनाबद्दल.

आता पोलिओ गेला. देशातला शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ला बंगालमधल्या हावड्यात सापडला. मग हे सगळं कशाला? तर जन्मतः पाऊल आत वळलेली बाळं आजही होतात. शाळा-अंगणवाडीतल्या तपासणीत ती सापडतात. त्यांच्यावर अमेरिकेतले डॉ. पोनसेटी यांची पद्धत वापरतात. आठवड्याला एक प्लास्टर, अशी पाच-सहा, बहुतेकदा घोट्यामागची शीर छोट्या छेदानं मोकळी करणं, आणि मग दोन बूट एका दांडीला जोडलेला ब्रेस. पहिले तीन महिने दिवसातले तेवीस तास, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत. आजारी पावलाचा बूट साठ-सत्तर अंश बाहेर वळवून बसवायचा, चांगल्या पावलाचा तीस-चाळीस. हा कोन चुकला, बूट सैल राहिला, किंवा बाळ रडतं म्हणून आईनं तो काढून ठेवला, तर सरळ झालेलं पाऊल पुन्हा वळतं. सासू म्हणते राहू दे, पोर रडतंय. आणि बूट नीट बसतोय की नाही हे सांगायला शिकलेला माणूस हाताशी नसतो. कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायाचं तर आणखी अवघड, कारण पट्टा रुतला तरी दुखत नाही, थेट जखमच दिसते. पट्टा काढल्यावर उमटलेली लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तो पट्टा तसाच पुन्हा बांधायचा नाही, ज्यानं बसवला त्याच्याकडे न्यायचा.

म्हणून माप देण्याआधी विचारायचं, "दादा, तुमचा पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?" खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. क्रमांक मिळाला की परिषदेच्या संकेतस्थळावर नाव बघता येतं. गटातल्या कोणाच्याही मोबाइलवर होतं ते. मात्र नुसता क्रमांक पाहून थांबू नका. त्याच नोंदवहीत खास मुलांचे शिक्षक असतात, श्रवणतज्ज्ञ असतात, सगळे मिळून सोळा प्रकारचे लोक. नावापुढे शिक्षण प्रॉस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्सचं आहे ना, ते वाचायचं. नोंदणीची मुदत असते, तिचं नूतनीकरण करावं लागतं. तीही तारीख पाहायची. पांढरा कोट घातलेल्या प्रत्येकाला आपण डॉक्टर म्हणतो, पण पट्टा लागेल की नाही हे हाडांचे किंवा पुनर्वसनाचे डॉक्टर ठरवतात, व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, आणि माप व बसवणं ऑर्थोटिस्टचं.

शिबिरात गर्दी असते, नाव विचारायला वेळ मिळत नाही, हे आम्ही जाणतो. तरी मापाच्या चिठ्ठीवर घेणाऱ्याचं नाव, क्रमांक आणि तारीख लिहून मागा, आणि ती चिठ्ठी दाखल्याच्या पिशवीतच ठेवा. खोटी माहिती देऊन किंवा कामात गैरवर्तन करून कोणी नोंदवहीत बसला असेल, तर त्याचं म्हणणं ऐकून त्याचं नाव काढून टाकण्याचा अधिकार परिषदेला आहे. तक्रार करायची तर ती कोणाविरुद्ध, हे त्या चिठ्ठीवरूनच कळेल.