वाराचे जेवण, धर्मशाळेचा कोपरा

पूर्वी वृद्धाश्रम नव्हते, आणि गरिबाघरचा मुलगा वार लावून जेवत का होईना, शिकून मोठा होत असे, असे इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या मराठी घरांत अजूनही कौतुकाने सांगितले जाते. दोन्हींतून निष्कर्ष एकच निघतो: माणसे मोठ्या मनाची होती, म्हणून संस्थांवाचून अडले नाही. मला हा निष्कर्ष पटत नाही. शिकणाऱ्याला आणि थकलेल्याला तेव्हा जे मिळे ते दान होते, आणि दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते.

वाराची रीतच पाहा. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे. सात घरे जमली तर आठवडा भरला, पाचच जमली तर उरलेले दोन दिवस माधुकरीची झोळी. एखाद्या घरी सुतक आले किंवा घरची बाई माहेरी गेली, की तो वार बुडाला. मोबदल्यात पाणी भरणे, पूजेची फुले आणणे, धाकट्यांचा अभ्यास घेणे ही कामे ओघानेच येत. त्यांना नोकरी कोणी म्हणत नसे, त्यामुळे तासही कोणी मोजत नसे. 1891 साली शिवाजीराव होळकरांनी इंदुरात कॉलेज काढले, तरी बाहेरगावच्या गरीब मुलाच्या दोन वेळच्या पानाचा प्रश्न तेवढ्याने सुटणारा नव्हता. त्याच वर्षी वीसेक किलोमीटरवरच्या महूत आंबेडकर जन्मले. त्यांच्या समाजातल्या मुलाला इंदुरातच काय, कुठल्याही गावात वार लागला नसता. ज्या औदार्याचे आपण गोडवे गातो ते सोवळ्याच्या आत होते. म्हणूनच वसतिगृहे निघाली. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुण्यातल्या अहल्याश्रमासाठी तुकोजीराव होळकरांनी वीस हजार रुपये दिले. इंदूरच्या गादीचा तो पैसा अस्पृश्य मुलांच्या शिक्षणाकामी आला. आणि 1946 मध्ये आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले ते सकाळच्या वर्गांचे, म्हणजे नोकरी करणाऱ्याला तास आटोपून कामावर जाता यावे. वेळापत्रक संस्थेने बदलले, विद्यार्थ्याच्या जिद्दीवर सोडले नाही.

यावर कोणी म्हणेल, त्या कष्टांनीच तर माणसे घडली. पण आपल्यापुढे पुरावा कोणता आहे? आत्मचरित्रे, आणि ती पास झालेल्यांनी लिहिली. ज्याचे वार बुडाले, तब्येत ढासळली आणि जो मॅट्रिकच्या आधीच गावी परतला, त्याचे चरित्र कोण छापणार? नोकरी करून शिकणाऱ्यांवर देशोदेशी झालेला अभ्यास साधारण एवढेच सांगतो की आठवड्याला थोडे तास काम केल्याने बिघडत नाही, वीसेक तासांपुढे गेले की गुणांवर परिणाम दिसू लागतो. भाऊराव पाटलांच्या ‘कमवा व शिका’चे उदाहरण याच्या विरोधात देता येत नाही, कारण तिथे कामही शिक्षणसंस्थेच्याच हाती होते. वर्ग पाहून कामाचे तास बसवण्याची ती मुभा आज इंदुरातल्या भंवरकुआंच्या क्लासनंतर रात्री जेवणाची पार्सले पोहोचवणाऱ्या मुलाला नाही.

म्हाताऱ्यांचे वेगळे नव्हते. अहिल्याबाईंनी (कारभार 1767 ते 1795) खासगीच्या उत्पन्नातून देशभर घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे उभारली, ती यात्रेकरूंसाठी, हे खरे. पण तीर्थक्षेत्री आयुष्याचा शेवट काढणारी निराधार माणसे अशाच आसऱ्याला जगली. काशीवास श्रद्धेने होई, हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. पुरुषाच्या बाबतीत तो बराच खरा असेल. एकत्र कुटुंबातल्या विधवेला मात्र मिळकतीत पोटगीपलीकडे वाटा नसे, आणि पोटगीही दिराच्या मर्जीवर. तिचा काशीवास किती श्रद्धेचा आणि किती घरातली अडगळ कमी करण्याचा, हे कोणत्या बखरीत सापडायचे? घरात राहणाऱ्या म्हातारीला मायेची माणसे असत, संस्थेत ती नसतात, हेही खरेच. पण तुलना घरात मान असलेल्या आजीशी करून चालत नाही, ती घरात मान नसलेल्या आत्याशी करायला हवी.

दानाची ही सवय सरकारी यंत्रणेतही उतरते. 29 जानेवारी 2021 ला, चार वर्षे लागोपाठ सर्वांत स्वच्छ ठरलेल्या इंदूरच्या महापालिकेच्या गाडीने बेघर वृद्धांना शहराबाहेर शिप्रा गावाजवळ नेऊन उतरवले. गावकऱ्यांनी हरकत घेतली, चित्रफीत पसरली, वृद्धांना परत आणावे लागले, उपायुक्त निलंबित झाले. यात एका अधिकाऱ्याचा निर्दयपणा शोधणे सोपे आहे. पण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांचा एक वृद्धाश्रम सांगितला आहे, तो राज्याला मुभा म्हणून, बंधन म्हणून नाही. मुलांकडून निर्वाहाचा खर्च मागायला न्यायाधिकरण आहे; निपुत्रिकाला आपली मिळकत ज्याला जाणार त्या नातलगाकडे मागता येते. ज्याला मूल नाही आणि मागे ठेवायला मिळकतही नाही, त्याने निवाऱ्यासाठी दावा कोणावर लावायचा, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही.