वालूरची बारव

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर गावची प्राचीन पायविहीर. गावाशी वाल्मीकी ऋषींचे नाव जोडले जाते; पण अलीकडे दूरदूरचे अभ्यासक येथे येतात ते या बारवेसाठी. मराठवाड्यात बारवा पुष्कळ आहेत, चक्राकार बारव मात्र विरळाच.

‘अपराजितपृच्छा’ या शिल्पग्रंथात वापींचे, म्हणजे पायविहिरींचे, चार प्रकार सांगितले आहेत. एका बाजूने उतरायची ती नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारही दिशांनी वाट असलेली विजया. वालूरची बांधणी या सरळ हिशेबात बसवणे अवघड. येथे पायऱ्या विहिरीच्या गोलाईला धरून शंखाच्या वळणासारख्या फिरत तळाशी जातात. त्यामुळे पाणी कितीही खाली गेले तरी घागर बुडवायला काठ हाताशी राहतो. पायऱ्यांचा घेर खाली जाताना आवळत जातो, त्यासाठी प्रत्येक थरातला चिरा वेगळ्या वळणाचा घडवावा लागला असणार. पाथरवटाचे खरे कसब तेथे दिसते.

मुलूख बदलला की गाव आणि वाटसरू भेटण्याची जागाही बदलते. इंग्लंडात सॉमरसेटमधील नॉर्टन सेंट फिलिप गावचा ‘जॉर्ज इन’ हा मध्ययुगीन पब हिंटनच्या मठाने उभारला. खाली दगड, वर लाकडी चौकट, आत लोकरीचे व्यापारी. थंड मुलखात गाव आणि वाटसरू असे छपराखाली एकत्र येत. दख्खनच्या उन्हात त्यांना एकत्र आणले ते पाणवठ्याने, आणि त्याची वास्तू जमिनीच्या पोटात, काळ्या पाषाणात उतरली.

नळ आले, बोअर पडले आणि बारवांची गरज संपली. गाळ, झुडपे आणि कचरा यांनी कित्येक बुजल्या. वालूरची बारव मात्र गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. रोहन काळे यांच्या ‘महाराष्ट्र बारव मोहिमे’ने अशा कामांना राज्यभर बळ दिले; महाशिवरात्रीला बारवांत दीपोत्सव होऊ लागले. २०२२ मध्ये टपाल खात्याने राज्यातील निवडक बारवांची चित्र-पोस्टकार्डे काढली, त्यांत वालूरही आहे. हा मान गावाने घाम गाळून मिळवला आहे.

जिल्ह्यात पिंगळी आणि चारठाणा येथील बारवाही आवर्जून पाहाव्यात. वालूरला जाण्यासाठी मनमाड–परभणी लोहमार्गावरील सेलू स्थानकावर उतरून पुढे रस्त्याने जावे. पायऱ्यांचे वळण पुरते पाहायचे असेल, तर पाणी खोल गेलेले असते त्या उन्हाळ्यात, सकाळच्या वेळी जाणे सोयीचे.