समान वेतनाचा अर्थ : फोर्ड चौकशीचा (१९२९–१९३२) परामर्श

दोन देशांतील दोन शहरांत राबणाऱ्या मजुरांपैकी अधिक सुस्थितीत कोण, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच जुना आहे. अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लंडनमधील साध्या मजुराची रोजी १८ पेन्स व एडिंबरोमधील १० पेन्स अशी नमूद केली आहे. न्यूयॉर्कमधील मजुरी लंडनहून अधिक असून अन्नधान्य मात्र त्या मुलखात स्वस्त आहे, असेही त्याने दाखविले. नाणी किती मिळाली यापेक्षा त्या नाण्यांचे काय मिळते हे महत्त्वाचे, हे तत्त्व त्या विवेचनात स्पष्ट होते. तथापि तत्त्व मान्य करणे सोपे आणि त्याचा अवलंब करणे दुष्कर, याचा प्रत्यय विसाव्या शतकात आला.

१९२९ साली फोर्ड मोटार कंपनीने जिनेव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीकडे एक पृच्छा केली. डेट्रॉइट येथे दिवसाला सुमारे ७ डॉलर मिळविणारा मजूर ज्या मानाने राहतो, त्या मानाने राहण्यास युरोपातील ठराविक शहरांत किती खर्च येईल? युरोपातील आपल्या कामगारांचे वेतन ठरविण्यासाठी कंपनीला हे उत्तर हवे होते. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांनी या कामी २५,००० डॉलर उपलब्ध करून दिले. अमेरिकन सरकारच्या मजूर-सांख्यिकी खात्याने डेट्रॉइटमधील १०० कुटुंबांचा जमाखर्च तपासला. त्यांचा सरासरी वार्षिक खर्च १,७०० डॉलरच्या किंचित वर भरला. बर्लिन, पॅरिस, मँचेस्टर, कॉर्क, वॉर्सा, इस्तंबूल इत्यादी १४ शहरे तुलनेसाठी निवडण्यात आली.

खरी अडचण येथूनच सुरू झाली. डेट्रॉइटमधील जवळजवळ निम्म्या कुटुंबांकडे मोटार होती. युरोपातील मजूर ट्रॅमने अथवा पायी जाई. मग मोटारीचा मोबदला कोणता? अमेरिकन घरातील गव्हाचा पांढरा पाव आणि वॉर्सातील राईचा काळा पाव, दोन्ही ‘पाव’च, परंतु त्यांना एकच वस्तू म्हणता येईल काय? शब्द समान असला म्हणजे अर्थ समान असतोच असे नाही, हा भाषांतरकाराचा नित्याचा अनुभव येथे संख्याशास्त्रज्ञांच्या वाट्यास आला. डेट्रॉइटच्या गरजा जशाच्या तशा युरोपात मोजल्या तर एक आकडा येतो. स्थानिक रीतीप्रमाणे त्यांत बदल केला तर दुसरा. लास्पेयर (१८७१) व पाशे (१८७४) या जर्मन पंडितांच्या निर्देशांकांतील भेद मुळात हाच होय. तेथे तो दोन काळांपुरता होता, येथे तो दोन स्थळांमध्ये उभा राहिला.

अहवाल १९३२ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक शहरांत तसे राहणीमान डेट्रॉइटपेक्षा कमी खर्चात साधते, असे त्यातून दिसले. परंतु तेथील प्रचलित मजुरी त्याहूनही पुष्कळ कमी होती. युरोपातील मालकवर्गाला ही चौकशी रुचली नाही, याचे कारण येथे सापडते. दरम्यान मोजपट्टीच बदलली होती. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडल्याने विनिमयाचे दर उलटेपालटे झाले. मंदीच्या तडाख्यात खुद्द फोर्डचा ७ डॉलरचा रोज त्याच वर्षी ६ डॉलरवर आणि १९३२ मध्ये ४ डॉलरवर आला. ज्या राहणीशी युरोपची तुलना करावयाची, ती राहणी डेट्रॉइटमध्येच दुर्लभ झाली.

असे असले तरी ही चौकशी निष्फळ ठरली असे म्हणता येत नाही. १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघ व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी आरंभिलेल्या आंतरराष्ट्रीय तुलना-कार्यक्रमाला हेच प्रश्न सोडवावे लागले. त्याच्या पहिल्या टप्प्यातील १० देशांत भारताचा समावेश होता. चलनांचे रूपांतर गणिताने होते; परंतु कोणत्या वस्तूंना ‘गरज’ म्हणावे हे गणित सांगत नाही. तो निर्णय कोण घेतो, यावर मजुराच्या सुस्थितीचा आकडा अवलंबून असतो, हाच या चौकशीचा बोध होय.