तंजावरची लक्ष्मीबाई, बडोद्याची चिमणाबाई

पूर्वीं आमच्या कुर्डुवाडीस पुष्कळ घरांच्या ओसरीवर रविवर्म्याची लक्ष्मी टांगलेली असे. माझ्या आजीनें रोज हळदकुंकू वाहून तिच्या कांचेवर एक लाल ठिपका कायमचा उमटविला होता. अशीं चित्रें छापणारा कारखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व पुढें मळवलीस गेला. मळवली हें आमच्या मुंबईच्या वाटेवरचें, लोणावळ्याच्या अलीकडचें स्टेशन; तेव्हां रविवर्मा हा पुण्याकडचाच कोणी असावा, अशी माझी बालपणीं समजूत होती. तो त्रावणकोरचा, हें शाळेंत गेल्यावर कळलें. परंतु आज मला बोलावयाचें आहे तें देवीच्या चित्राविषयीं नव्हे. त्याच कुंचल्यानें काढिलेल्या दुसऱ्या एका लक्ष्मीच्या तसबिरीविषयीं बोलावयाचें आहे.

ही लक्ष्मी म्हणजे बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांची पहिली राणी. तंजावरच्या मोहिते घराण्यांतील ती कन्या. माहेरचें नांव लक्ष्मीबाई. तंजावर म्हटलें कीं आपणांस व्यंकोजीराजे आठवतात. कावेरीकांठचें तें मराठी राज्य पावणेदोनशे वर्षें टिकलें आणि १८५५ सालीं कंपनीनें तें खालसा केलें. राज्य गेलें, पण मराठी घराणीं तेथेंच राहिलीं. बडोद्याचे त्या वेळचे दिवाण सर टी. माधवराव हेहि मूळचे कुंभकोणचे, मराठी देशस्थ. सयाजीरावांचा जन्म नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याचा. १८७५ सालीं वयाच्या बाराव्या वर्षीं ते दत्तक आले, तोंवर त्यांस अक्षरओळखहि नव्हती. जानेवारी १८८० मध्यें या दोघांचा विवाह झाला. वराला सतरावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. लक्ष्मीबाईची चिमणाबाई झाली.

तिचा संसार उणापुरा साडेपांच वर्षांचा. दोन कन्या, १८८३ सालीं पुत्र फत्तेसिंहराव, मग क्षयाचें दुखणें, आणि मे १८८५ मध्यें अखेर. वय एकवीसच्या सुमारास. राज्यकारभाराच्या इतिहासांत तिच्या वांट्यास एखाददुसरी ओळ येते, तीहि बहुधा पुत्राच्या जन्माची.

आतां चित्रकाराकडे वळूं. त्रावणकोरांत दिवाण असल्यापासून माधवरावांस रविवर्म्याची ओळख. सयाजीरावांस राज्याधिकार मिळाले ते डिसेंबर १८८१ मध्यें. त्याच सुमारास रविवर्मा प्रथम बडोद्यास आला व राजघराण्यांतील मंडळींच्या तसबिरी काढूं लागला. तैलरंगाची विद्या त्यानें शिकविणीनें थोडीच मिळविली. थिओडोर जेन्सन नांवाचा युरोपियन चित्रकार काम करीत असतां ती नुसती पाहून उचलली. तैलरंग लवकर वाळत नाहींत. त्यामुळें एका छटेंत दुसरी हलकेच मिसळून कातडीचा उजाळा, रेशमाची घडी, मोत्याची झाक हीं दाखवितां येतात. आपल्या जुन्या लघुचित्रांतील राण्या सुंदर असतात खऱ्या, पण बहुधा सगळ्या एकाच चेहऱ्याच्या. तैलचित्रानें मराठी राणीला तिचा स्वतःचा चेहरा दिला, आणि तोहि ज्या काळीं तो पडद्याबाहेर दिसत नसे त्या काळीं. जरीचें लुगडें व अंगावरचे दागिने हें राजवैभव झालें. माझी नजर अडकते ती त्या कोंवळ्या वयावर.

तंजावरचा विषय निघाला म्हणून एक आडवळण घेतों. तंजावरच्या राजांना खंड देऊन डेन्मार्कच्या लोकांनीं वसविलेलें तरंगमबाडी हें बंदर आहे. तेथें एका फ्रेंच कुटुंबांत कॅथरीन नांवाची मुलगी जन्मली. १७७७ सालीं तिचें ग्रँड नांवाच्या कंपनीच्या नोकराशीं लग्न झालें. पुढच्याच वर्षीं वॉरन हेस्टिंग्जचा वैरी फिलिप फ्रॅन्सिस हा रात्रीं शिडी लावून तिच्या घरांत शिरला. कोर्टानें त्याला पन्नास हजार रुपयांना बुडविलें. ती पॅरिसला गेली. विजे लब्रन् या प्रख्यात चित्रकर्तीनें १७८३ सालीं तिची तसबीर काढिली. हातांत गाण्याचा कागद, डोळे वर लागलेले. ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहांत आहे. पुढें मुत्सद्दी तालेरां यानें १८०२ सालीं तिच्याशीं लग्न केलें व ती प्रिन्सेस झाली. तिच्याविषयींचे कोर्टाचे कागद आहेत, पत्रें आहेत, टवाळखोरांच्या आख्यायिका तर मोजतां येणार नाहींत. आमच्या लक्ष्मीबाईच्या वांट्यास अपकीर्ति आली नाहीं, म्हणून कागदहि आला नाहीं. हा न्याय मला अजून पटलेला नाहीं.

त्यांत आणखी एक घोटाळा. १८८५ सालच्याच डिसेंबरांत महाराजांनीं देवासच्या घाटगे घराण्यांतील गजराबाईंशीं दुसरा विवाह केला, आणि त्यांचेंहि नांव चिमणाबाईच ठेविलें. या दुसऱ्या चिमणाबाई मोठ्या कर्तृत्वाच्या. त्यांनीं पडदा सोडला, स्त्रियांच्या स्थितीवर १९११ सालीं इंग्रजी ग्रंथ सहलेखनानें प्रसिद्ध केला, १९२७ सालीं पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा. १९५८ पर्यंत त्या जगल्या. रविवर्म्यानें त्यांचीहि तसबीर काढिली. मग चित्राखालीं नुसतें 'महाराणी चिमणाबाई' छापलें कीं वाचक दुसरीच समजतो, आणि पहिली आणखी एकदां पुसली जाते. मास्तरकीच्या दिवसांत माझ्या पटावरची एखादी मुलगी लग्नानंतर बाजारांत नव्या नांवानें भेटे, आणि मी तिला जुन्याच नांवानें हांक मारीं. ती आधीं दचके, मग हंसे. तें हंसणें मला या तसबिरीपुढें हटकून आठवतें.

महाराज मात्र तिला विसरले नव्हते. बडोद्याचें न्यायमंदिर तिच्या नांवाचें. रावपुऱ्यांतील घड्याळाचा मनोरा १८९६ सालीं तिच्या स्मरणार्थ उभा राहिला. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या नांवांत तिचें माहेरचें नांव आहे असें बडोदेकर सांगतात. परंतु या दगडविटांहून मला एक वेगळीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. विवाहाबरोबर तंजावरहून गौरा व कांतिमती या नर्तकी आणि त्यांचे नट्टुवनार बडोद्यास आले होते. दरबारांत त्यांचें नृत्य चाले. राणी गेली, नृत्य राहिलें. कांतिमतीचे पुत्र कुबेरनाथ तंजावरकर यांनीं पुढें बडोद्याच्या विद्यापीठांत तें शिकविलें, आणि तंजावरच्या माहेराहून आलेली ती चाल गुजराथेंतल्या मुलींच्या पायांत उतरली.

आपणांपैकीं कोणी बडोद्यास गेलें आणि अशी तसबीर समोर आली, तर पाटीवरचें नांव वाचून लगेच पुढें जाऊं नका. ही पहिली कीं दुसरी, एवढें तेथील माणसास विचारा. पहिली असेल, तर तिचें नांव लक्ष्मीबाई.